दहा चाळीसचा झुरका

निपाणीत मी एकोणीस वर्षं बिड्या वळल्या. रोजच्या हजार. पान कापा, तंबाखू भरा, वळा, दोरा बांधा. त्या बिड्या कुणाच्या छातीत गेल्या याचा विचार कधी केला नाही. आणि आता सरकार मला पगार देतं, तो लोकांच्या तोंडातली बिडी काढायला! ऐकून लोक हसतात. हसोत बापडे. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असतात.

माझं नाव अंबिका खारगे. इचलकरंजीत इस्पितळाच्या मागच्या अंगाला नऊ नंबरची खोली आहे, तिथे आम्ही सहा जणी 'सोबती' म्हणून बसतो. एकेकीकडे चाळीस पेशंट. सगळे हातावर पोट असलेले. मागावरचे कामगार, हमाल, गवंडी, भाजीवाले. सगळे मला अक्का म्हणतात, आणि मी सगळ्यांना रागावते.

सिद्राम कोरे आमच्याकडे आला तो उजवी टाच टेकत, पावलाचा पुढचा भाग उचलून धरत. वय छत्तीस. यंत्रमागावर अठरा वर्षं. बिड्या दिवसाला दोन बंडलं. चप्पल काढली तर करंगळी काळी ठिक्कर आणि बाकीची बोटं निळसर. हात लावला तर पाय बर्फासारखा गार. आमच्या मुजावर मॅडमनी, म्हणजे डॉक्टर शहनाज मुजावरांनी, पाय पाहिला आणि त्याला समोर बसवून सरळ सांगितलं.

"कोरे, या आजारात हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात आणि आत रक्त गोठून बंद होतात. तंबाखू ओढणाऱ्यांनाच होतो, आणि ऐन उमेदीत होतो. करंगळी गेली, ती काढावीच लागणार. बाकीचा पाय तुमच्या हातात आहे."

"माज्या हातात कसा, मॅडम?"

"तुमच्या कंबरेच्या हाडातला थोडा मगज काढून आम्ही प्रयोगशाळेत पाठवू. त्यातल्या पेशी तिथे वाढवतात. सव्वीस दिवसांनी त्यांचं इंजेक्शन पोटरीत दिलं की जुन्या बंद नळ्यांच्या शेजारून नव्या बारीक नळ्या फुटतात. शेताला नवीन पाट काढावा तसं. पण धुराचा एक झुरका रक्तात असला तरी ते कोंब जळतात. म्हणून इंजेक्शनच्या आधीचे दहा दिवस एकही झुरका नको. दहा म्हणजे दहा. पेशी तुमच्यासाठीच वाढवलेल्या असतात, सव्वीस दिवसांपुढे टिकत नाहीत आणि दुसऱ्यांदा वाढवायला तुमचा पाय थांबणार नाही."

"आणि ओढली तर?"

"तर घोट्याच्या वरून पाय कापायचा." मॅडम असं बोलताना आवाज चढवत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते.

मागावर बारा तास उभं राहावं लागतं. एका पायावर चार माग सांभाळणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सिद्रामच्या बायकोनं, महानंदानं, तिथेच पदर तोंडाला लावला. सिद्राम मात्र उठला, मला म्हणाला, "लावा अक्का, काय लावायचं ती पट्टी." माणूस मला त्याच क्षणी आवडला.

ती पट्टी म्हणजे 'चाहूल'. रुपयाएवढी चकती, गळ्याच्या हाडाखाली चिकटवायची. आता तलफ म्हणजे काय, ते मी माझ्या भाषेत सांगते. झुरका मारला की निकोटीन सात-दहा सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथल्या काही कुलपांना ही किल्ली नेमकी बसते आणि सुखाचं रसायन सुटतं. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत ही कुलपं वाढत जातात. किल्ली वेळेवर आली नाही की ती सगळी एकदम बोंबलायला लागतात. ती बोंब माणसाच्या ध्यानात येण्याआधी अंगाला कळलेली असते. दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, कातडी ओलसर होते, श्वास छातीत वर सरकतो. चाहूल हे टिपते. चार-पाच दिवसांत तो माणूस तिला पाठ होतो आणि मग तलफ यायच्या सहा मिनिटं आधी माझ्या फोनवर पिवळी लाट उमटते.

आणि पेशंटनं झुरका मारलाच, तर तोही लपत नाही. छातीचा तो खोल ओढा आणि पाठोपाठ रक्तात चढलेला धुराचा वायू चकतीतला उजेड कातडीतूनच ओळखतो. मग माझ्याकडे लाल ठिपका येतो.

पहिल्या वर्षी लाट आली की यंत्रच गोड आवाजात पेशंटशी बोलायचं. लोक "हो हो" म्हणायचे आणि फोन खिशात टाकून बिडी पेटवायचे. यंत्राची कसली आलीय लाज! म्हणून मग आम्हाला नेमलं. तलफ चार-पाच मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ माणसाला धरून ठेवायचं, एवढंच आमचं काम.

मगज काढला त्या दिवसापासून सिद्रामला डॉक्टरांनी दहा दिवस घरी बसवलं होतं. पाचव्या सकाळी पहिली लाट उमटली. मी फोन लावला.

"कोरे, येतेय. सहा मिनिटं."

"अक्का, मला तर काय बी वाटंना झालंय. मी पोरीची वेणी घालतोय."

"घाला की. फोन कानाला राहू दे."

आम्ही पोरीच्या शाळेबद्दल बोललो, महानंदाच्या आमटीबद्दल बोललो. मध्येच तो थांबला. "आली! आयला अक्का, खरंच आली की हो! तोंडात नुसतं पाणी सुटलंय."

"वेणी झाली?"

"झाली."

"सोडा आणि परत घाला."

पलीकडून पोरीचा असा काही ओरडा ऐकू आला की सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. तीनदा वेणी घालून होईस्तोवर लाट उतरली होती.

आठव्या दिवशी त्यानं नवंच काढलं. "अक्का, राग मानू नका, पर तुमचा फोन आला की तलफ येते. तुम्हीच आणताय बगा."

मी चिडलेच. पण खोटं कशाला बोलू, शंका मलाही यायची. येणार येणार म्हटलं की उचकीसुद्धा येते. म्हणून दुसऱ्या दिवशी लाट दिसली तरी मी हात बांधून बसले. सहा मिनिटं झाली, सात झाली, आणि फोन वाजला. सिद्राम धापा टाकत होता. "अक्का, कुठं हाय तुम्ही? तुमचा फोन न्हाई आणि ही तर येऊन बसली!"

मी एवढी हसले की डोळ्यांत पाणी आलं. तोही हसला. फुटाणे चघळत, हसत ती लाटही गेली. दहा दिवसांत एक लाल ठिपका नाही. मी मॅडमना छाती फुगवून सांगितलं, हा पेशंट तरणार.

फार लवकर सांगितलं.

अकराव्या दिवशी सिद्राम खात्यात परत गेला. मागाच्या कारखान्याला आमच्याकडे खातं म्हणतात. पाय मुरगळलाय असं सांगून त्यानं सुताच्या कांड्या भरायचं, बसून करायचं काम मागून घेतलं होतं. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या फोनवर लाल ठिपका उमटला. झुरके दोन.

मी लगेच फोन लावला. "कोरे, काय केलंत?"

"काय केलं?"

"बिडी ओढलीत."

"न्हाई अक्का." आवाजात जराही अडखळणं नव्हतं.

बाराव्या दिवशी दहा चाळीसला ठिपका. तेराव्या दिवशी दहा चाळीसला ठिपका. दिवसभरात बाकी काही नाही. दुपारी लाट यायची, आम्ही ती नेहमीसारखी काढायचो, संध्याकाळची काढायचो. आणि सकाळी हा ठिपका, मधल्या चहाच्या वेळेला. चमत्कार म्हणजे त्याच्या आधी लाटच नसायची. पिवळं काहीच नाही, एकदम लाल.

चाहूल बनवणाऱ्यांच्या कचेरीत एक इंजिनिअर आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तलफेशिवाय झुरका? शक्यच नाही हो. एक तर पट्टी सैल असेल, नाही तर पेशंट काहीतरी लपवतोय." पट्टी मी स्वतः बदलली. चौदाव्या दिवशी नव्या पट्टीनंही दहा चाळीसला ठिपका दिला, आणि यंत्रानं आपल्या मनानं सिद्रामच्या नावापुढे शेरा मारला: 'माहिती दडवतो'.

मॅडमनी मला बोलावलं. "अंबिकाताई, उद्याचा पंधरावा दिवस. परवापासून शेवटचे दहा सुरू. परवा ठिपका दिसला तर मी इंजेक्शन देऊ शकत नाही. दिलं आणि कोंब जळले तर पाय आणखी वर कापावा लागेल."

मी बाहेर आले आणि सिद्रामला फोन लावला. आता जे बोलले ते सांगायलाही लाज वाटते.

"कोरे, अजून किती दिवस मला येड्यात काढणार?"

"पोरीची शपथ घेतो अक्का, मी बिडी ओढलेली न्हाई."

"पोरीला मध्ये आणू नका! रोज दहा चाळीसला दोन झुरके मारता आणि वर शपथा खाता? लबाड आहात तुम्ही. पाय जाईल तेव्हा माझ्याकडे रडत येऊ नका."

 तो हळू म्हणाला, "मला वाटलं हुतं, मशीन काय बी म्हणू दे, तुम्ही माजं ऐकशीला." आणि फोन ठेवला. दुपारची लाट आली तेव्हा त्यानं उचलला नाही. संध्याकाळी महानंदाचाच फोन आला. रडत नव्हती, भांडायला आली होती.

"अक्का, ह्यांनी दुपारची खात्यात आणि आताची घरात, दोन्ही तलफा एकट्यानं काढल्या. भिंतीला डोकं लावून बसलं हुतं. ज्याला ओढायची असती त्यो असा बसंल व्हय?"

 खरंच की. लबाड माणूस सकाळचीच एक बिडी कशाला ओढेल? आणि ती ओढायची इच्छा न होता का ओढेल? यंत्राला ते शक्यच नाही असं वाटत होतं. पण मी एकोणीस वर्षं बिडीच्या धंद्यात काढली होती, मला तरी विचारायला हवं होतं.

पंधराव्या दिवशी मी सरळ त्याच्या खात्यावर गेले. पेशंटच्या कामावर जायची आम्हाला परवानगी नसते, मालकाला आजार कळला तर काम जातं म्हणून. मी पदर खोचला आणि दारावरच्या माणसाला विचारलं, "कांडीचं काम हाय का?" तो म्हणाला, दिवाणजी येतील, थांबा. मी भिंतीच्या सावलीत थांबले. आत चाळीस मागांचा खडखडाट, दाराबाहेर सुताचे बारीक तंतू उडत होते.

दहा चाळीसला चहाची किटली आली. कामगार बाहेर आले, भिंतीच्या कडेनं बसले. आत सूत असल्यामुळे आगकाडी बाहेरच ओढायची असा नियम. सिद्राम लंगडत आला. त्याच्यामागून एक उंच म्हातारे गृहस्थ आले, डोक्याला पांढरी टोपी, दोन्ही हात थरथरत असलेले. सगळे त्यांना वाट देत होते. ते दगडावर टेकले, थरथरत्या बोटांनी खिशातून एक बिडी काढली आणि काही न बोलता पुढे धरली.

सिद्रामनं ती दोन्ही हातांनी घेतली. ओठांत धरली, काडी ओढली, दोन दम मारून टोक चांगलं लाल केलं. मग बिडी बोटांत फिरवून, डावा हात उजव्या कोपराला लावून, प्रसाद द्यावा तशी म्हाताऱ्यांच्या ओठांत दिली. आणि शेजारी बसून फुटाणे खायला लागला.

माझ्या फोनवर ठिपका उमटला. मी कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई अंबिके, बिड्या वळणारी तू, आणि हे तुला सुचलं नाही! सिगारेट काडी धरली की पेटते. बिडीचं पान हट्टी, दम खेचल्याशिवाय पेट घेतच नाही.

चहा संपवून लोक आत गेले तेव्हा मी सिद्रामला हाक मारली. मला बघून तो दचकला. आम्ही खात्याच्या मागे गेलो.

"ते कोण?"

"बाळगोंडा वस्ताद. आमचं जॉबर. माग बिघडला की तेच दुरुस्त करत्यात. मला अठराव्या वर्षी हाताला धरून शिकवलं त्यांनी. मागावर तुटलेली सुताची तार बांधायला शिकायच्या आधी वस्तादाची बिडी पेटवायला शिकायचं, असा रिवाज हाय आमच्यात. आता तर त्यांच्या हाताला काडी धरवत बी न्हाई."

"आणि मी रोज विचारत होते तेव्हा हे सांगितलं नाहीत?"

"तुम्ही इच्यारलं, बिडी ओढली का. मी कुठं ओढली? मी पेटवून दिली." त्याच्या चेहऱ्यावर खरोखर नवल होतं. "ती माजी बिडी न्हवंच की अक्का. ती वस्तादांची."

आता याला काय म्हणावं! अठरा वर्षं रोज दोन झुरके, आणि ते त्याच्या लेखी झुरकेच नव्हते. तो शपथ खात होता ती खरी होती आणि यंत्र दाखवत होतं तेही खरं होतं.

मी त्याला समजावलं. धूर कुणाच्या बिडीचा आहे हे रक्ताला कळत नाही. दोन दम म्हणजे दोन दम, कोंब जळायला पुरेसे. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. तो खाली बसला.

"म्हंजे मीच माजा पाय..."

"झालं ते झालं. आधी माझं चुकलं, मी तुम्हाला लबाड म्हटलं. कोरे, माफ करा मला."

त्यानं मान हलवली. पण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. "अक्का, उद्या वस्तादांनी बिडी पुढं केली तर मी काय करू?"

"नाही म्हणायचं."

"वस्तादांना?" मी त्याला पायच कापायला सांगितल्यासारखं तो बघायला लागला. "माज्या लग्नात ते बापाच्या जागी उभं हुते. एवढ्या लोकांसमोर त्यांचा हात मोकळा परत पाठवू? मग त्यांची काडी कोण ओढंल? ते म्हणतील, हात थरथराय लागलं आणि ह्यानं बी पाठ फिरवली."

"पाय दाखवा त्यांना. खरं सांगा."

"पाय गेलेला माणूस मागावर ठेवत न्हाईत. वस्तादांना कळलं तर ते खोटं बोलणार न्हाईत मालकाशी. आणि त्यांना वाटंल, आपल्यामुळं झालं. म्हातारपणी त्यांच्या जिवाला घोर कशाला?"

मला एवढा संताप आला की काय सांगू. "भीड ही भिकेची बहीण असते कोरे! उद्या एका पायावर बसून भीक मागाल, तेव्हा हे वस्ताद वाटीत बिडी टाकतील का?"

तो भिंतीला धरून उठला. वस्तादांना जाऊन मीच सांगावं असं दहादा मनात आलं. पण पेशंटचा आजार त्याच्या परवानगीशिवाय कुणाला सांगायचा नाही ही शपथ मी घेतली आहे, आणि खरं म्हणजे त्याचं 'नाही' मी म्हणून भागणार नव्हतं. जाताना एवढंच म्हटलं, "उद्या मी फोन करते. उचला."

सोळाव्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर सिद्रामची रेघ सरळ होती. लाट नाही, काही नाही. यंत्राच्या मते त्याला माझी गरजच नव्हती. तलफ त्या चकतीला कळते, भीड कळत नाही. नोकरीत पहिल्यांदाच मी लाट नसताना 'येतेय' सांगायला फोन लावला, दहा चौतीसला.

"कोरे, येतेय. सहा मिनिटं."

 "अक्का, पळून जावंसं वाटतंय. तलफेला बी असं हुत न्हवतं."

"ही त्याहून मोठी आहे. फोन खिशात ठेवा, बंद करू नका. मी आहे."

"काय म्हणू त्यांना?"

"ते मी नाही सांगणार. तुमचे वस्ताद आहेत, तुम्हाला शब्द सापडतील."

फोनमधून मागांचा आवाज दूर गेला. माणसांची कुजबुज, कपांचा आवाज. कुणीतरी दगडावर टेकलं.  मला दिसत नव्हतं, पण थरथरता हात पुढे आला असणार हे कळत होतं.  आमच्या खोलीतल्या बाकीच्या पाच जणी माझ्याभोवती गोळा झाल्या.

"वस्ताद," सिद्रामचा आवाज फाटला. "मला जमायचं न्हाई."

"काय जमायचं न्हाई?"

"बिडी पेटवाय."

भिंतीकडेच्या गप्पा बंद पडल्या.  मग वस्तादांचा जड आवाज आला. "माजं काय चुकलं का रं, सिद्राम?"

"न्हाई वस्ताद! तुमचं काय चुकंल? माजा..." आणि चप्पल काढल्याचा आवाज आला, पायाची पट्टी सोडल्याचा आवाज आला. कुणीतरी "आई गं" म्हणालं. मग सिद्राम सगळं बोलला. करंगळी, पाय कापायची गोष्ट, इंजेक्शन, दोन दम. लोकांसमोर, न थांबता बोलला. "अठरा वर्षं तुमची बिडी पेटवली वस्ताद, माज्या मनात कवा किंतू आला न्हाई. पर आता पेटवली तर पाय जातोय. मला क्षमा करा."

 वस्तादांना खोकला आला. तो लांबतच गेला.

"येड्या," वस्ताद म्हणाले. "मला तर दोन सालं झाली, डॉक्टरनं बंद करायला सांगून. ही सकाळची मला नकोच असती. छातीत कळ येती हिच्यानं."

"मग वडता कशाला, वस्ताद?"

"तू एवढ्या मानानं पेटवून देतोस! दोन्ही हातानं. आजकाल कोण कुणाला मानतंय? मला वाटलं, नको म्हटलं तर पोरगं हिरमुसंल. म्हणून आपली घेतो बिडी खिशातनं, रोज."

इकडे आम्ही सहाही जणी एकमेकींकडे बघत राहिलो. तिकडे भिंतीकडेला आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. सिद्राम मात्र हुंदके देऊन रडत होता आणि वस्ताद त्याला शिव्या देत होते. असल्या प्रेमळ शिव्या मी निपाणी सोडल्यापासून ऐकल्या नव्हत्या. घड्याळात दहा पन्नास झाले होते. माझ्या फोनवर लाल काही नव्हतं.

पुढचे दहा दिवस मला फार काही करावंच लागलं नाही. खात्यातले लोक सिद्रामवर पाळत ठेवून होते. वस्तादांनी मालकाला स्वतः सांगितलं, "पाय वाचस्तोवर ह्यो बसून काम करणार. न्हाई जमत तर मला बी सुट्टी द्या." चाळीस माग दुरुस्त करणारा जॉबर कुठला मालक घालवतो? मालक गप्प बसला. यंत्रानं मारलेला शेरा मात्र जाईना. तो पुसायला मी चार अर्ज लिहिले आणि पाचव्याला स्वतः कचेरीत जाऊन भांडले. इंजिनिअर साहेबांना म्हटलं, "तलफेशिवाय झुरका होत नाही म्हणालात ना? लिहून घ्या. होतो."

सव्विसाव्या दिवशी सिद्रामला इंजेक्शन मिळालं. काळी करंगळी काढली. मग वाट बघणं आलं. नव्या नळ्या फुटायला सात-आठ आठवडे लागतात, आणि फुटतीलच असं कुणी छातीठोक सांगत नाही. मी रोज फोन करत होते आणि रोज तो म्हणायचा, "पाय गारच हाय अक्का."

सात आठवडे उलटल्यावर तपासणीला तो आला तेव्हा सोबत महानंदा होती आणि बाळगोंडा वस्ताद होते. वस्तादांनी धोतर परीटघडीचं नेसलं होतं. मुजावर मॅडमनी सिद्रामचा पाय स्टुलावर घेतला, पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले.  मॅडमनी बोटं जरा सरकवली, परत थांबल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. मॅडम हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

"ठोका लागतोय," त्या म्हणाल्या. "बारीक आहे, पण लागतोय."

सिद्रामनं स्वतःची बोटं तिथे ठेवली. बराच वेळ त्याला सापडेना. सापडला तसा तो नुसता महानंदाकडे बघत राहिला. तिनं हात लावून पाहिलं आणि मोठ्यानं रडली. मीही रडले, त्यात लपवायचं काय आहे.

वस्ताद दाराशी उभे होते. ते पुढे आले आणि गुडघे धरत स्टुलासमोर खाली बसायला लागले. सिद्राम ताडकन मागे सरकला, पाय उचलून खुर्चीखाली लपवला. "वस्ताद, काय करताय! तुम्ही माज्या पायाला हात लावायचा?"

"कोरे!" मी ओरडले. "पुन्हा भीड?"

"ठेव पाय," वस्ताद म्हणाले.

सिद्रामनं पाय परत स्टुलावर ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. वस्तादांनी बोटं टेकवली, पण ती इतकी थरथरत होती की ठोका लागणं शक्यच नव्हतं. ते खाली मान घालून पुन्हा पुन्हा चाचपत राहिले. तेव्हा सिद्राम वाकला, त्यानं वस्तादांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि स्थिर करून पावलावर दाबून ठेवला.

आम्ही थांबलो. वस्तादांचे ओठ हलायला लागले.

"एक," ते म्हणाले. "दोन. तीन... चाललाय की रं, सिद्राम."